चंपतराव सोडून सगळ्यांना

चंपतरावांनी आपल्या व्याह्यांना मोठ्या मानानं गाडीत बसवलं. सामान सीटखाली साखळीनं बांधलं, खिडकी पुसून दिली, बर्थवर घरची नवीकोरी सोलापुरी चादर अंथरली. सगळं यथासांग झालं. फक्त व्याह्यांना जायचं होतं पुण्याला आणि गाडी होती हावड्याची.

आता चुका कोणाच्या हातून होत नाहीत? भाजीत मीठ दुसऱ्यांदा पडतं, लग्नाच्या पत्रिकेत नवरदेवाचं नाव चुकतं. पण व्याही म्हणजे ज्याला पाण्याचा पेलासुद्धा ताटलीत ठेवून द्यावा लागतो असा माणूस. त्याला उलट्या दिशेला रवाना करणं हे नागपूरच्या महाल भागातल्या त्या गल्लीच्या इतिहासात आजवर कोणाला जमलं नव्हतं.

आणि जमलं कोणाला, तर चंपतरावांना! ज्यांना स्टेशन पाठ होतं त्यांना!

गल्लीची रीतच अशी होती की कोणी गावाला निघालं की देवापुढे सुपारी ठेवायची, हातावर दही घ्यायचं आणि चंपतरावांना हाक मारायची. ते सोडायला येणार हे ठरलेलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून तर त्यांनी हे काम नोकरीसारखंच धरलं होतं. पायजमा जाऊन पँट चढायची, शर्ट खोचला जायचा, आणि मग प्रवचन सुरू. "मेन गेटनं कोण शिरतं? पाहुणे! आपण संत्रा मार्केटकडून शिरायचं." "बोर्ड कशाला पाहून राहिला? बोर्ड नवख्यांसाठी असतो. इंजिन पाहा. अजनीकडे तोंड असलं की मुंबई-पुणे, कामठीकडे असलं की हावडा." आणि सगळ्यात लाडका नियम म्हणजे, "दोन-तीन नंबर फलाटाचा जिना उतरला की उजवा हात पुण्याचा."

नियम बरोबर होता. जिना बदलला होता. स्टेशनवर बांधकाम चाललं होतं, जुन्या जिन्याला पत्रे ठोकलेले होते आणि नवा जिना उलट्या बाजूला तोंड करून उतरत होता. उजवा हात मात्र चंपतरावांजवळ जुनाच होता. व्याही गिरिधरराव मागून म्हणत होते, "अहो, एकदा कोणाला विचारून घेऊ या का?" चंपतराव नुसते हसले. विचारायचं? स्वतःच्या स्वयंपाकघराचा रस्ता कोणी विचारतं का?

गिरिधररावांच्या बर्थवर एक बंगाली गृहस्थ आधीच पाय पसरून बसले होते. चंपतरावांनी त्यांना उठवलं. "भाईसाब, ये हमारे व्याही है. उठो." गृहस्थ तिकीट दाखवू लागले तर चंपतरावांनी ते बघायलाही नकार दिला. "तिकीट मत दिखाओ. तुम गलत गाडी में बैठे हो." बिचारा इतका गोंधळला की उठला, आणि स्वतःच्याच गाडीत परक्यासारखा दाराशी जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात खिडकीशी सिंधूताई आल्या.

सिंधूताई म्हणजे समोरच्या घरात वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या. मूळच्या उमरेडच्या. घरात विणकामाचा माग होता, सगळा जन्म त्याच्या खटखटीत गेला, त्यामुळे त्यांनी हळू बोलायचं ठरवलं तरी आवाज चौथ्या घरापर्यंत जायचा. यजमान गेल्यावर माग बंद झाला आणि मुलाची नोकरी नागपूरला म्हणून त्या इकडे आल्या. त्या दिवशी भाचीला गाडीत बसवून त्या मोकळ्या हातांनी परत निघाल्या होत्या. ओळखीची माणसं दिसल्यावर नुसतं पुढे जाणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"पाहुणे, हे गाडी कुठची होय जी?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

चंपतराव शेजारी उभे होते. विचारलं गिरिधररावांना. ही गोष्ट चंपतरावांच्या तेव्हाच लक्षात आली होती, पण बोचायला पुढे फार वेळ मिळाला.

"पुण्याची," गिरिधरराव म्हणाले.

सिंधूताईंचं तेवढ्यानं भागलं नाही. त्या चहावाल्याकडे वळल्या. "कुठची होय रे भाऊ?" तो म्हणाला, "हावडा." मग दाराशी उभ्या बंगाली बाबूला, "तुम किधर जाता जी?" तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "हावड़ा. लेकिन ये साब बोलता है कि मैं गलत हूँ."

सिंधूताई खिडकीशी परत आल्या आणि त्यांनी निकाल जाहीर केला. "दोन हावडा अन् एक पुना. पाहुणे, उतरा."

मग जी धावपळ झाली ती सांगण्यात अर्थ नाही. पुण्याची गाडी त्याच फलाटाच्या पलीकडच्या अंगाला उभी होती. साखळीची किल्ली चंपतरावांच्या खिशात, खिसा पँटचा, आणि पँट घट्ट. सिंधूताईंनी एक बॅग डोक्यावर घेतली, बंगाली बाबूनं दुसरी घेतली, आणि गिरिधरराव सुटत्या गाडीत कसेबसे चढले. सोलापुरी चादर तेवढी राहिली. तिच्यावर बाबू आता निवांत पसरला होता. हावड्याची गाडी हलली तेव्हा त्यानं मोठ्या प्रेमानं हातही हलवला.

गल्लीला बातमी त्याच संध्याकाळी कळली. सिंधूताईंनी मुद्दाम कोणाला सांगितलं नाही. त्यांनी फक्त आपल्या मुलाला सांगितलं, पण मागाच्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावरून पहिली हाक आली. "काका, इंजिन कुणीकडं?"

हसणं चंपतरावांनी गिळलं असतं. हसणारी माणसं आठवड्याभरात नवीन विषय शोधतात. पण पुढच्या वेळी जोशीकाकू शेगावला निघाल्या, चंपतराव पँट चढवून खाली उतरले, तर काकू म्हणतात, "तुम्ही कशाला उन्हाचा त्रास घेता भाऊजी? सिंधूताई येते म्हणाल्या." चंपतराव वर गेले. पँट उतरवली. पायजमा घातला. त्या पायजम्याची नाडी त्यांनी इतक्या जोरानं आवळली की ती तुटली.

त्यानंतर एकामागून एक सगळी गल्ली फुटली. चंपतराव गॅलरीत उभे राहून बघायचे. समोरून ई-रिक्षा निघायची, आत सामान, सामानावर माणसं, आणि कडेला अर्ध्या बाहेर लटकलेल्या सिंधूताई. तिथूनच विचारणं सुरू. "काहून रे भाऊ, आज इतवारीकडून जाम तर नाही ना?"

"अरे, पण तिला येतं काय?" चंपतराव बायकोला, अरुंधतीबाईंना, विचारायचे. "फलाट किती आहेत हेही तिला माहीत नाही. परवा मी मुद्दाम विचारलं. म्हणते, असतीन जी पाच-सात!"

"मग पोचतात कशी माणसं बरोबर गाडीत?" अरुंधतीबाई शेंगा सोलता सोलता म्हणायच्या.

"विचारून! नुसतं विचारून! विचारायला काय अक्कल लागते?"

विचारून हे खरंच होतं. सिंधूताईंची एक पद्धत होती. एकाला विचारायचं नाही, तिघांना विचारायचं. "एक माणूस खोटं बोलत नाही जी," त्या म्हणायच्या, "पण त्याले 'मले माहीत नाही' म्हनाची लाज वाटते. मंग तो काहीबी सांगते." तिघांत दोघांचं जुळलं की त्या दिशेला निघायचं. यात वेळ जायचा, कारण त्या नुसता रस्ता विचारून थांबत नसत. तुम्ही कुठचे, इकडे कोणाकडे, पोराचं झालं का, हेही त्याच दमात यायचं. सांत्रागाछीच्या गाडीची चौकशी करता करता त्यांनी एका भाच्याचं लग्न जमवलं होतं. मुलीचा बाप उद्घोषणा ऐकू येत नाही म्हणून त्यांच्याजवळ सरकला होता. एवढंच निमित्त.

आणि भाकरवडी! पूर्वी पुण्याहून कोणी परतलं की भाकरवडीचा पुडा चंपतरावांकडे यायचा. सोडायला आल्याचा मान म्हणून. आता तो पुडा त्यांच्या डोळ्यांदेखत समोरचा जिना चढायचा. एकदा तर सिंधूताईंनीच त्यातल्या चार वड्या वाटीत घालून पाठवल्या. चंपतरावांनी वाटीला हात लावला नाही. रात्री अरुंधतीबाईंनी पाहिलं तर वाटी रिकामी होती. त्यांनी ती विसळून पालथी घातली.

पण खरी गोष्ट चंपतरावांनी बायकोलाही सांगितली नव्हती. जळजळ भाकरवडीची नव्हती. ही बाई चहावाल्याला विचारते, हमालाला विचारते, पोलिसाला विचारते, बाकावर झोपलेल्या माणसाला हलवून विचारते. गल्लीत दूधवाल्याला विचारते, आज कोणती एकादशी. आणि समोरच्या गॅलरीत, सगळं सगळं ठाऊक असलेला माणूस दिवसभर उभा असताना, त्याला ती आजवर एकदाही, चुकूनही, काहीही विचारत नाही!

असं चाललं असताना नूपुरचे दिवस भरत आले. नूपुर ही चंपतरावांची एकुलती मुलगी, पुण्याला दिलेली. पहिलं बाळंतपण. डॉक्टर तिथलेच, म्हणून आईनं तिकडे यायचं ठरलं. जावयांनी एसीचं तिकीट पाठवलं. अरुंधतीबाई तीन महिन्यांसाठी निघाल्या. चंपतरावांच्या मनात मात्र एकच गोष्ट आली. स्वतःच्या बायकोला सोडायला जाताना तरी मध्ये कोणी येणार नाही! त्यांनी पँटला इस्त्री करून घेतली. बुटांना पॉलिश केलं.

आदल्या दिवशी डिंकाचे लाडू डब्यात भरताना अरुंधतीबाई म्हणाल्या, "उद्या मला सोडायला सिंधूताई येणार आहेत. तुम्ही घरीच थांबा."

चंपतरावांना आधी वाटलं, मिक्सर सुरू असेल, नीट ऐकू आलं नसेल. मिक्सर बंद होता.

"मी नवरा आहे तुझा," ते म्हणाले.

"हो ना. म्हणून तर सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगावंही लागलं नसतं."

"त्या चादरीचं एवढं मनात धरलंस?"

"चादर गेली हावड्याला. मी काही म्हटलं का?" असं म्हणून त्यांनी डब्याचं झाकण लावलं. ते झाकण जरा जास्तच घट्ट बसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंपतरावांनी बायकोच्या हातावर दही ठेवलं. अरुंधतीबाई "येते हं" म्हणाल्या. खालून मागाचा आवाज आला, "वैनी, चला वं! रिक्षावाला म्हंते कॉटन मार्केटकडून गर्दी हाय!" आणि रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली.

चंपतराव तीन मिनिटं घरी थांबले. मग त्यांनी स्कूटर काढली.

आपण सोडायला चाललो नाही, हे त्यांनी स्वतःला नीट समजावलं. लांबून फक्त बघायचं. ही बाई नक्की गोंधळ घालणार. विचारत विचारत आपल्या बायकोला बल्लारशाच्या गाडीत बसवणार. मग ऐन वेळी, गर्दीतून, शर्ट खोचलेले चंपतराव पुढे येणार. हा प्रसंग त्यांनी संत्रा मार्केट येईपर्यंत दोनदा रंगवला. दुसऱ्यांदा त्यात गिरिधररावही हजर होते.

स्टेशनात शिरले आणि पाच पावलांवर चहावाला ओरडला, "काका, चार नंबर!"

चंपतरावांनी मागे पाहिलं. मागे कोणी काका नव्हता.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले आणि तडक दोन-तीनकडे निघाले. पुण्याची गाडी तिथेच लागते. आजवर लागत आली आहे.

पुलावर एक हमाल आडवा आला. "चौकडीचा शर्ट, चष्मा... काका, तुमची गाडी चारवर."

"कोणी सांगितलं?"

"त्या बाई नाही का! म्हने एक काका येतीन, लय घाईत असतीन, हातात सामान नसन, अन् कोणाले काही इचारनार नाहीत. दिसले की सांगजा."

चंपतरावांचे कान तापले. म्हणजे या बाईनं गृहीत धरलं होतं! येणार हे गृहीत, चुकणार हेही गृहीत! आता तर चारवर जाणं शक्यच नव्हतं. ते हट्टानं तीन नंबरवर उतरले. तिथे रामटेककडचं एक कुटुंब गाठोड्यांवर बसलं होतं. त्यातल्या म्हाताऱ्याच्या मांडीवर एक भलामोठा कोहळा होता. म्हातारा कोहळ्यावरून डोकावून म्हणाला, "तुमीच काय जी चंपतराव?"

"नाही," चंपतराव म्हणाले.

"नसान तरी सांगतो. चार नंबर."

आणि तेवढ्यात त्यांना दिसलं. मधला रूळ रिकामा होता आणि पलीकडे चारवर गाडी उभी होती. एसीच्या डब्याच्या बंद काचेआड अरुंधतीबाई बसल्या होत्या. शेजारी सिंधूताई. मधे संत्र्याची सालं. सिंधूताई काहीतरी सांगत होत्या आणि अरुंधतीबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मान मागे टाकून. चंपतरावांनी आठवून पाहिलं. आपल्याबरोबर स्टेशनवर आली असताना ही अशी हसल्याचं त्यांना आठवेना. घरी तरी कधी?

आजवर भाकरवडी गेली, मान गेला, गल्ली गेली. पण हे हसूही समोरच्या जिन्यानं वर गेलं, तेव्हा चंपतरावांच्या पोटात खरोखरच दुखलं.

अरुंधतीबाईंची नजर बाहेर गेली. त्यांना नवरा दिसला. त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. काचेआडून त्यांनी हात हलवला, मग बोट वर दाखवलं, मग गोल फिरवून आपल्याकडे आणलं. पुलावरून या. मग मनगटावर बोट ठेवलं. लवकर.

चंपतराव वळले. आलो तो जिना कुठे? इकडे पत्रा. तिकडे पत्रा. पत्र्यामागून ठोकाठोकी. सरकता जिना दिसला, तो खाली येणारा. उजवा हात, डावा हात, इंजिन, अजनी, कामठी... सगळं पाठ होतं आणि कशाचाच उपयोग नव्हता. वर उद्घोषणा झाली. त्यातला एक शब्द कळला, 'पुणे'.

त्यांनी घसा खाकरला. आवाज एकदम, फार मोठ्यानं आला. "बाबा, चारवर कसं जायचं?"

रामटेकच्या म्हाताऱ्यानं कोहळा सावरला. "मले काय मालूम जी? मी परदेशी माणूस. मले फक्त तुमाले सांगाचं सांगितलं होतं."

चंपतरावांनी मग झाडूवालीला विचारलं. तिनं डावीकडे दाखवलं. समोसेवाल्याला विचारलं, त्यानं उजवीकडे. घड्याळ पाहायला वेळ नव्हता, पण कॉलेजच्या एका मुलीला त्यांनी विचारलंच, आणि तिनं डावीकडे बोट केलं. दोन डावे, एक उजवा. चंपतराव डावीकडे पळाले. इस्त्रीच्या पँटसह.

डब्यात शिरले तेव्हा त्यांना धाप लागली होती. सिंधूताई त्यांना पाहताच उठल्या. "बसा भाऊ. जागा धरून ठेवली होती." आणि पाण्याची बाटली भरायचं निमित्त करून त्या खाली उतरल्याही.

चंपतरावांनी सवयीनं वाकून सीटखाली पाहिलं. सामान लागलेलं होतं. साखळी लावलेली होती. चादर अंथरलेली होती. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. उठवायलासुद्धा कोणी नव्हतं.

"बसा ना," अरुंधतीबाई म्हणाल्या. "माहेरी जायची तेव्हा, दिवाळीला, नूपुरकडे... दर वेळी तुम्ही येता, सामान लावता, लोकांशी भांडता, मला इंजिन दाखवता. गाडी हलते तेव्हा तुम्ही फलाटावर दुसऱ्या कोणाला तरी रस्ता सांगत असता. म्हटलं, या वेळी ते सगळं ताईंनी करावं. म्हणजे तुम्ही नुसते बसाल."

"मग घरी थांबा कशाला म्हणालीस?"

"चला म्हटलं असतं, तर तुम्ही स्टेशन दाखवायला आला असता."

चंपतराव बसले. आता बोलायला पाहिजे होतं. त्यांनी पुष्कळ शोधलं. शेवटी म्हणाले, "पाणी घेतलंस?"

"घेतलं."

"नूपुरला सांग... म्हणजे मी येतोच. बारशाला." मग जरा थांबून ते म्हणाले, "त्या काय सांगत होत्या? एवढं हसत होतीस."

"तुमचंच. तुम्ही त्या बंगाल्याला उठवलंत ते."

अरुंधतीबाईंनी संत्र्याची एक फोड सोलून त्यांच्या हातावर ठेवली. चंपतरावांनी ती खाल्ली, बी कुठे टाकावी कळेना, म्हणून मुठीत ठेवली. गाडीला धक्का बसला. "उतरा आता, नाहीतर या पुण्याला," अरुंधतीबाई म्हणाल्या, आणि एक क्षण चंपतराव उठायला विसरलेच.

गाडी अजनीच्या दिशेला वळून दिसेनाशी झाली. या वेळी चंपतराव तिच्याकडे बघत होते, इंजिनाकडे नाही. फलाट मोकळा झाला. मूठ उघडून त्यांनी बी टाकली आणि वळले, तर सिंधूताई लगेच एका पोलिसाला गाठून उभ्या. "काहून जी साहेब, संत्रा मार्केटकडं कोणत्या जिन्यानं जाऊ?"

पोलीस दाखवून गेला. सिंधूताईंची नजर आता हमाल शोधू लागली.

हमाल सापडायच्या आत चंपतराव त्यांच्या वाटेत उभे राहिले. राग नव्हता, फक्त फार दिवसांचं साठलेलं होतं.

"सिंधूताई," ते म्हणाले, "तुम्ही अख्ख्या नागपूरला विचारता. झोपलेल्या माणसाला उठवून विचारता. मी समोर राहतो. मला सगळं ठाऊक आहे. तुम्ही मला एकदाही का विचारत नाही?"

सिंधूताईंनी पदर खोचला, त्यांच्याकडे पाहिलं आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "इचारू कवा जी भाऊ, तुमी त्याच्या आंधीच सांगून राहता!"